वेगळं चुकणारा माणूस

गेल्या अंकात इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टनच्या बैलाची हकीकत लिहिली आणि पत्रांचा ढीग आला. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. १९०६ साली इंग्लंडात प्लिमथ इथं जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं. एका बैलाचं कापून साफ केल्यावर वजन किती भरेल ते सहा पेनीच्या चिठ्ठीवर लिहून द्यायचं, अशी स्पर्धा होती. गॅल्टननं वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्या मागून घेतल्या, चढत्या क्रमानं लावल्या आणि बरोबर मधली उचलली. तिच्यावर १,२०७ पौंड होते. खरं वजन भरलं १,१९८. सगळ्या चिठ्ठ्यांची सरासरी तर १,१९७ आली. सामान्य माणसाच्या अकलेवर फारसा भरवसा नसलेल्या या गृहस्थानं हा निकाल १९०७ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात स्वतःच्या नावानं छापला, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

त्या हकीकतीच्या शेवटी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या स्कॉट पेज यांचा मी नुसता उल्लेख केला होता. माणसांच्या विचार करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असल्या तर समूहाला शहाणपण कसं येतं, यावर त्यांनी उभं करिअर घातलंय. त्या एका वाक्यावर आलेल्या पत्रांतली पाच इथं घेते.

प्रश्न : आम्ही चार भाऊ, दोन सख्खे आणि दोन चुलत, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवतो. चौघंही एका विचाराचे, बाजारात आमची ओळखच ती आहे. गेल्या वर्षी सुताचा भाव चढणार असं चौघांनाही वाटलं. साठा केला आणि भाव उतरला. चार डोकी असून असं कसं झालं? बाहेरचा एखादा हुशार सल्लागार नेमावा का?
— टॉवेल कारखानदार, सोलापूर

उत्तर : नुकसान वाचून वाईट वाटलं. सुताचा भाव हा भल्याभल्यांना चकवणारा विषय आहे, त्यामुळे स्वतःला फार दोष देऊ नका. पण "चार डोकी असून" या तुमच्या शब्दांपाशी थोडं थांबूया. एक कागद घ्या.

समजा एका पोत्याचं खरं वजन ५० किलो आहे. तीन माणसं नुसतं बघून अंदाज सांगतात : ५३, ५६ आणि ५९. सरासरी आली ५६, म्हणजे तिघं मिळून ६ किलोनं चुकले. आता ५६ म्हणणाऱ्याला उठवा आणि त्याच्या जागी ४४ म्हणणारा बसवा. हा नवा माणूस पहिल्यापेक्षा तसूभरही जास्त जाणकार नाही. तोही ६ किलोनंच चुकलाय, फक्त खालच्या बाजूला. पण आता ४४, ५३ आणि ५९ यांची सरासरी काढा. ५२ येते. चूक ६ वरून २ वर आली. शहाणा माणूस एकही आणला नाही, वेगळ्या बाजूला चुकणारा एक आणला, एवढंच.

यामागचं सूत्र पेज फार आवडीनं शिकवतात. प्रत्येकाच्या चुकीचा वर्ग करून त्यांची सरासरी घ्या. त्यातून, अंदाज आपल्याच सरासरीपासून किती पसरलेत त्याच्या वर्गांची सरासरी वजा करा. उरतो तो समूहाच्या चुकीचा वर्ग. पहिल्या तिघांचं : ४२ वजा ६, बरोबर ३६. दुसऱ्या तिघांचं : ४२ वजा ३८, बरोबर ४. दोन्हीकडे ४२ च आहेत, म्हणजे एकेकटे तपासले तर दोन्ही त्रिकुटं सारख्याच लायकीची. फरक सगळा त्या ६ आणि ३८ मध्ये आहे. आकडे कुठलेही घालून बघा, ताळा जमतोच, कारण ते शुद्ध बीजगणितातलं, नेहमीच खरं ठरणारं समीकरण आहे. संख्याशास्त्र शिकवताना मी हे समीकरण अनेक वर्षं फळ्यावर लिहीत आले आणि दर वर्षी वर्गात कुणीतरी "मॅडम, परत करून दाखवा" म्हणायचंच.

तुम्ही चौघं एकाच ओसरीवर वाढलात, एकाच दलालाला फोन लावता, मोबाईलवर त्याच चार ग्रुपवरचे भाव वाचता. मग तुमची वजाबाकी ६ सारखीच होणार. सल्लागार जर तेच ग्रुप वाचणारा असला, तर तुम्ही पैसे देऊन पाचवा भाऊ आणलात असं होईल. त्यापेक्षा असं करा. मराठवाड्यातला एखादा जिनिंगवाला शोधा. त्याला कापसाची आवक तुमच्या आधी दिसते. तुमचा माल परदेशी धाडणाऱ्या एजंटाला पुढच्या हंगामाच्या ऑर्डरींचं विचारा. डॉलरचा भाव रोज बघणारा बँकेतला माणूस असतो. तुमच्याच कारखान्यात रंगाई बघणारे मास्तर आहेत, त्यांना दुसऱ्या कारखान्यांतले माग चालू आहेत की थांबलेत याची खबर असते. या सगळ्यांना वेगवेगळं विचारा आणि आकडा कागदावर घ्या. एकाचा आकडा दुसऱ्याला सांगू नका.

आणि तुमची एकी मोडायला मी सांगत नाही, हे घरी जरूर सांगा. धंदा कशासाठी करायचा, कुणाला फसवायचं नाही, नफ्याची वाटणी कशी, यावर चौघांचं एकमत हवंच. पेजसुद्धा हा भेद करतात : पोहोचायचं कुठं यावरच मतं फुटली तर समूहाचं नुकसान होतं, वाट कशी शोधायची यावर फुटली तर बहुतेक वेळा फायदा होतो.

प्रश्न : चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. 'समूहाचं शहाणपण' हे शब्द ऐकले की मला भीती वाटते. शून्य अधिक शून्य शून्यच. अडाण्यांची बेरीज करून ज्ञान कसं येईल?
— निवृत्त मुख्याध्यापक, पंढरपूर

उत्तर : सर, आपली भीती रास्त आहे आणि तिला गणिताचा आधारही आहे. फ्रेंच गणिती काँदोर्से यांनी १७८५ मध्ये दाखवलं की हो-नाहीच्या प्रश्नावर प्रत्येक माणूस निम्म्याहून अधिक वेळा बरोबर असेल आणि स्वतंत्रपणे मत देत असेल, तर जमाव वाढत जाईल तसं बहुमत बरोबर येण्याची शक्यता १ कडे, म्हणजे खात्रीकडे सरकते. पण तोच माणूस निम्म्याहून कमी वेळा बरोबर असेल, तर ती शक्यता शून्याकडे जाते. तिघंजण प्रत्येकी दहात सहा वेळा बरोबर असतील तर त्यांचं बहुमत शंभरात ६४.८ वेळा बरोबर. प्रत्येकी दहात चार वेळा असतील तर ३५.२ वेळाच, म्हणजे एकट्यापेक्षाही वाईट.

वेगवेगळ्या पद्धतींनी विचार करणाऱ्यांचा गट सर्वोत्तमांच्या गटालाही मागं टाकू शकतो, असं जे प्रमेय पेज यांनी लू हाँग यांच्याबरोबर २००४ मध्ये प्रसिद्ध केलं त्यालाही अटी आहेत. प्रश्न इतका अवघड हवा की कुणा एकाला दर वेळी सुटू नये. सोडवणाऱ्या प्रत्येकाला त्यातलं काही ना काही कळत असावं. निवडायला माणसांचा साठा मोठा असावा, आणि गट अगदीच दोघा-तिघांचा नसावा. अट गाळून प्रमेय सांगणं हा आपल्या वर्गात गुन्हाच ठरला असता, आणि या प्रमेयाच्या बाबतीत तो गुन्हा फार लोकांनी केला. २०१४ मध्ये ॲबिगेल थॉम्पसन या गणितज्ञ बाईंनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर कडक टीका लिहिली : गणित म्हणून यात फारसं काही नाही, आणि संगणकावरचा निकाल विविधतेमुळे नसून यादृच्छिक, म्हणजे डोळे मिटून केलेल्या निवडीमुळे आलाय, असं त्यांचं म्हणणं. मी दोन्ही बाजू वाचल्या. प्रमेयाचा जीव लहान आहे हे थॉम्पसनबाईंचं मला पटतं. पण ज्या अडचणीकडे ते बोट दाखवतं ती खरी आहे. हुशार माणसं एकाच साच्यातली असली की एकाच जागी अडतात. ते कसं, हे पुढच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर येतंय.

प्रश्न : मी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी तेलुगू बोलतो, वडिलांचे दोन यंत्रमाग आहेत. स्कॉट पेज यांची व्याख्यानं मोबाईलवर पाहिली आणि झोप उडाली. मला हेच करायचंय : मुंग्या, बाजार, माणसं, सगळ्यांना एकच गणित लावून बघायचंय. वडील म्हणतात, ज्या विषयाला नीट नाव नाही त्यात नोकरी कोण देणार? सर म्हणतात, एक काहीतरी धर. मॅडम, या माणसानं नेमकं काय धरलं होतं?
— विद्यार्थिनी, अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मीही पूर्व भागातलीच, साखर पेठेतली. मागाचा खडखडाट थांबला की जाग यायची, अशा घरात वाढले. म्हणून आधी तुला मागाचीच गोष्ट सांगते, मग पेज यांची.

माझे वडील इथल्या एका गिरणीत विणाई खात्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे मुकादम होते. सोलापूरचा उन्हाळा तुला ठाऊकच आहे. एप्रिल लागला की हवा कोरडी ठणठणीत होते, कापसाचा धागा ठिसूळ बनतो आणि मागावर ताणे, म्हणजे कापडाचे उभे धागे तुटायला लागतात. एका वर्षी ते इतके तुटू लागले की विणकर दिवसभर गाठीच मारत बसले. खात्यात तिघं जॉबर. तिघंही पारखी, तिघंही एकाच उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले. पहिल्यानं बीमचा, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाचा ताण कमी केला. दुसऱ्यानं येऊन तेच पाहिलं, थोडा अजून कमी केला. तिसऱ्यानं पुन्हा वाढवून पाहिला. तिघंही मागालाच हात लावत होते, कारण त्यांना मागच दिसत होता. त्यांच्यात सगळ्यात हुशार माझे वडील, आणि ते सगळ्यात आधी थकले.

मग सायझिंग खात्यातला, म्हणजे धाग्याला खळ लावणाऱ्यांतला एक म्हातारा बोलावला. त्यानं मागाकडे पाहिलंही नाही. धागा बोटांत मोडून पाहिला आणि म्हणाला, खळ घट्ट पडतेय, वाळून कडक होतेय. खळ पातळ केली, तुटणं कमी झालं, पण थांबलं नाही. मग वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायला बसणारी एक बाई सहज म्हणाली, आमच्याकडच्या नव्या पोरी गाठ मोठी मारतात, ती फणीच्या दातात अडकते. तिला कुणी विचारलं नव्हतं. गाठी बारीक मारायला लावल्या, आणखी सुधारलं. जमिनीवर पाणी मारणाऱ्या पोऱ्यानं दुपारची पाळी वाढवली, हवेत ओल आली. एवढं सगळं झाल्यावर वडिलांनी पुन्हा बीमचा ताण नीट केला आणि आता तो कामी आला. प्रत्येकजण जिथं अडला तिथून पुढं दुसऱ्यानं ओढून नेलं. वडील हा प्रसंग जेवताना सांगायचे तेव्हा शेवटी त्या बाईचं नाव घ्यायचे, जॉबरांचं कुणाचंच नाही.

पेज आणि हाँग यांचं मॉडेल हुबेहूब असंच आहे. वर्तुळावर २,००० ठिपके कल्पून बघ. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा, जितका मोठा तितकं उत्तर चांगलं. प्रश्न सोडवणाऱ्याकडे तीन पावलं असतात, समजा ३, ७ आणि ११. तो उभा आहे तिथून तेवढ्या अंतरावर पुढं डोकावतो, मोठा आकडा दिसला तर तिकडे जातो, तिन्ही पावलांनी काही गावलं नाही की थांबतो. दुसऱ्याकडे १, ५ आणि १२ अशी वेगळी पावलं. संगणकावर असे भरपूर सोडवणारे तयार करायचे, प्रत्येकाला एकट्याला पळवून गुण द्यायचे, मग सर्वोत्तम दहांचा एक गट आणि डोळे मिटून उचललेल्या दहांचा दुसरा गट. गटात एक अडला की दुसरा तिथूनच सुरू करतो, सगळे अडेपर्यंत. डोळे मिटून उचललेला गट बहुतेक वेळा पुढं गेला. कारण सर्वोत्तम दहांची पावलं एकमेकांसारखीच होती. वडिलांचे तीन जॉबर!

कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञान संस्थेत तरुण प्राध्यापक असताना पेज यांनी हे सहज करून बघितलं आणि निकाल त्यांना स्वतःलाच अनपेक्षित होता. सहज केलेल्या त्या प्रयोगाला गणिती सिद्धता देऊन तो छापायला २००४ साल उजाडलं आणि त्यावरचं पुस्तक २००७ मध्ये आलं. तुझ्या वयात वर्षांचा हा हिशोब मनात ठेवलेला बरा.

आता तू विचारलंस ते. त्यांनी धरलं गणित. मिशिगनला गणिताची पदवी, विस्कॉन्सिनला गणितातच पुढचं शिक्षण, मग नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्यवस्थापकीय अर्थशास्त्र आणि निर्णयशास्त्राची पीएच.डी., १९९३ मध्ये. संस्थेचे नियम असे कसे आखावेत की प्रत्येकानं स्वतःचं हित बघूनही सगळ्यांचं काम नीट व्हावं, असे प्रश्न तिथं शिकवले जातात. नंतर कॅलटेक, मग आयोवा, मग परत मिशिगन. मिशिगनला परतणं मला अर्थपूर्ण वाटतं. तिथं जॉन हॉलंड होते, ज्यांनी उत्क्रांतीची चाल संगणकात आणून जनुकीय अल्गोरिदम रचले. तिथंच रॉबर्ट ॲक्सेलरॉड होते, राज्यशास्त्राचे, ज्यांनी सहकार्य कसं टिकतं हे संगणकी स्पर्धा लावून तपासलं. गणिती, राज्यशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ एका टेबलाभोवती बसतात ही रीत त्या विद्यापीठात आधीपासूनची. शिवाय न्यू मेक्सिकोत १९८४ मध्ये सुरू झालेली सांता फे इन्स्टिट्यूट. तिथं विभागांच्या भिंतीच नाहीत, आणि पेज यांचं तिथं कायम जाणं-येणं. २०१२ मध्ये त्यांनी मॉडेलांच्या साहाय्यानं विचार कसा करायचा याचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. जगभरच्या लाखो लोकांनी तो घेतला. तू मोबाईलवर पाहिलंस ते बहुधा तेच असावं.

म्हणजे तुझे सर म्हणतात ते खरंच आहे, एक काहीतरी धरावं लागतं. ते साधन म्हणून धरावं. तुझं साधन संख्याशास्त्र, आणि ते सोडू नकोस. तुझ्या वडिलांना सांग की पदवीवर नाव असलेला विषयच येणार आहे, आणि संख्याशास्त्राच्या माणसाला बँक, विमा, औषध कंपन्या, सरकारी पाहण्या सगळीकडे जागा असते. पोटाचा प्रश्न त्यावर सुटेल. प्रश्न कुठला विचारायचा, हे मात्र तुझं तू ठरवायचं.

वाटा सांगते. कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, १९३१ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी उभारलेली, तिची एम.स्टॅट.ची प्रवेश परीक्षा असते. आयआयटीत जायचं तर जॅम परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर असतो. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पर्यावरणशास्त्राचं केंद्र आहे. तिथं राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या गांधीलमाश्यांची पोळी वर्षानुवर्षं पाहिली : राणी कोण होणार, काम कोण वाटून देतं, हुकूम कुणाचा चालतो. मुंग्यांबद्दल लिहिलं आहेस म्हणून मुद्दाम सांगितलं. पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था तर तुझ्यापासून एका गाडीच्या अंतरावर आहे. या कुठल्याही ठिकाणी गेलीस तरी दाराशी पाटी दुसऱ्याच विषयाची असेल, हे लक्षात ठेव.

पण प्रवेशाची वाट बघत बसू नकोस. नेटलोगो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, जुन्या संगणकावरही चालतं. २,००० ठिपक्यांचं वर्तुळ त्यात तू आठवडाभरात बांधशील. मग ठिपक्यांचे आकडे बदलून बघ. अगदी गुळगुळीत टेकडीसारखे ठेवलेस तर काय होतं? तिथं चढावर उभा असलेला सर्वोत्तम एकटाच वर पोहोचेल, गटाची गरजच पडणार नाही. मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहणारे हमाल आठव. चौघांनी किती पोती हलवली हे चौघांच्या ताकदीची बेरीजच सांगते, तिथं चार तगडे गडीच हवेत. फरकाचा उपयोग ओबडधोबड, खाचखळग्यांच्या प्रश्नांत होतो. ही सीमा नेमकी कुठं पडते, हे तू स्वतः शोधावंस असं मला वाटतं.

आणखी एक, जे मला अगदी मनापासून सांगायचंय. तू घरी तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, गल्लीत दखनी ऐकत मोठी झालीस. सोलापुरात हे इतकं रोजचं आहे की आपल्याला ते दिसतच नाही. पेज भाषा, जात अशा ओळखीतला फरक आणि विचारातला फरक या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. चार भाषा बोलणारी चार माणसं एकाच कोचिंग क्लासमधून एकाच साच्यात घडली असतील, तर विचारातला फरक उरत नाही. आणि एकाच घरातल्या दोघी बहिणी, एक पिको-फॉल करणारी आणि एक नर्स, प्रश्नाकडे फार वेगळ्या बघतात. पण ज्या आयुष्यातून माणूस येतो त्यातून त्याची पावलं ठरतात, हेही ते मानतात. कांड्या भरणाऱ्या तुझ्या आईकडे बघून तू जे शिकली आहेस ते कोलकात्याच्या वर्गात दुसऱ्या कुणाकडे नसेल. तिथं गेल्यावर ते लपवू नकोस. मी लपवलं होतं. एम.एस्सी.ला असताना वडील काय करतात हे विचारलं की 'नोकरी' एवढंच सांगायची, आणि ताण्याची ही गोष्ट वर्गात सांगायला मला पंधरा वर्षं लागली.

मॉडेल बांधलंस की मासिकाच्या पत्त्यावर मला कळव. तुझे वडील म्हणाले तर मी घरीही येईन.

प्रश्न : विविधता चांगली म्हणता. माझ्या बागेत सगळी डाळिंबं भगवा जातीची आहेत. ती बदलू का?
— डाळिंब बागायतदार, सांगोला

उत्तर : बागेतल्या विविधतेचं काम वेगळं असतं. वर लिहिलंय ते एकमेकांची उणीव भरून काढून प्रश्न सोडवण्याबद्दल. शेतात मुख्य उपयोग जोखीम वाटण्याचा. आपल्याकडे रब्बी ज्वारीत करडईची तासं टाकतात ती याचसाठी : करडईचं सोटमूळ खोल जातं, ज्वारीची मुळं वरच्या थरात पसरतात, एक हुकलं तर दुसरं हाती लागतं. शिवाय कडेची करडई काटेरी असल्यानं जनावरं आत शिरत नाहीत. डाळिंबाला मात्र बाजार भगव्याचाच आहे, तो सोडा असं मी इथून कसं सांगू? तेल्या रोग पावसाच्या शिंतोड्यांबरोबर झाडाझाडांवर उडत जातो आणि सगळी झाडं एका जातीची, एका बहाराची असली की त्याला अडवणारं काही उरत नाही, एवढं खरं. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथल्या तज्ज्ञांना बाग दाखवूनच ठरवा.

प्रश्न : आमच्या बचत गटात बारा जणी आहोत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो. बैठकीत दोघी-तिघीच बोलतात, बाकीच्या 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतात. मागच्या मोठ्या ऑर्डरीला भाव असाच ठरला आणि खर्चही निघाला नाही. नंतर एकजण म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं. मग तेव्हा का बोलली नाही?
— बचत गटाची अध्यक्ष, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : ताई, तिच्यावर रागावू नका. तिनं आधी दुसऱ्यांचा आकडा ऐकला आणि स्वतःचा गिळला. असं माणूस सगळीकडे करतो. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना आकड्यांचे प्रश्न विचारून हेच तपासलं. एकमेकांचे अंदाज दाखवले की अंदाज जवळजवळ सरकले, आपण बरोबर आहोत ही खात्री वाढली, पण उत्तर काही सुधारलं नाही. टॉवेलवाल्या भावांचं गणित वर लिहिलंय, ते बघा. पसरट अंदाजांमुळे जी वजाबाकी मिळायची, ती एकमेकींचं ऐकल्यावर हातची जाते.

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. लहानपणी पिकाची नजर पैसेवारी, म्हणजे पूर्ण पिकाला रुपया धरला तर यंदाचं किती पैसे भरेल याचा अंदाज करायला माणसं बांधावर उभी राहिलेली मी पाहिलीत. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळाची सवलत मिळायची, म्हणजे आकडा किती मोलाचा! पहिला जो बोलला त्याच्या आसपासच बाकीचे घुटमळायचे. पुढं शिकायला गेले तेव्हा कळलं की महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या पाहणीत या खोडीवर उपाय केला होता. एकाच भागात दोन वेगळ्या टोळ्या पाठवायच्या, एकीला दुसरीचे आकडे कळू द्यायचे नाहीत, मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. फरक मोठा आला की कुठंतरी पाणी मुरतंय हे लगेच कळतं. हे वाचलं त्या रात्री मला बांधावरची ती माणसं आठवली आणि बराच वेळ झोप लागली नाही.

बोलण्याबद्दलही एक अभ्यास तुमच्या कामाचा आहे. २०१० मध्ये अनिता वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९९ माणसांचे छोटे गट करून त्यांना नाना तऱ्हेची कामं दिली. गटाची एकूण हुशारी गटातल्या सर्वात बुद्धिमान माणसावर फारशी अवलंबून नव्हती. समोरच्याच्या चेहऱ्यावरून मन ओळखता येणारी माणसं गटात किती आणि बोलण्याची पाळी सगळ्यांकडे सारखी फिरते का, याच्याशी तिचं नातं जास्त होतं. ज्या गटांत एक-दोघंच बोलत राहिले ते मागं पडले. बायका जास्त असलेले गट पुढं होते, याचं बरंचसं कारण चेहरा वाचण्याची ही हातोटी.

पुढच्या ऑर्डरीला असं करा. भाव ठरवायच्या आधी बाराही जणींना कागदाचा तुकडा द्या. ज्वारी, शेंगा, जळण, पॅकिंग, रिक्षा आणि मजुरी, प्रत्येकीनं आपापला आकडा मनानं लिहायचा. लिहिता न येणारी असेल तर तिनं बाहेर नेऊन तुमच्या मुलीला कानात सांगायचं. चिठ्ठ्यांवर नावं नकोत. सगळ्या चढत्या क्रमानं लावा आणि मधल्या दोघींच्या मध्ये जो आकडा येईल तिथून बोलणं सुरू करा. मग सर्वात वरची आणि सर्वात खालची चिठ्ठी मोठ्यानं वाचा आणि विचारा, हा आकडा कशामुळे आला असेल? जिची असेल ती बोलेल. नाही बोलली तर दुसरी कुणीतरी कारण सांगेल, आणि बहुतेक वेळा त्या कारणातच गेल्या वेळचा तोटा सापडतो. जळणाचा खर्च कुणी धरलाच नव्हता की काय, हे मला पत्रातून कळलं नाही. तव्यापाशी रोज बसणारी तुमच्यातली कोण, तिला तो नक्की ठाऊक असेल. बैठकीत तुम्ही स्वतः मात्र सगळ्यात शेवटी बोला.